जोडीनं बाईकवर जग फिरायचंय? मग जुन्नरमध्ये जप्त झालेल्या घोड्याची गोष्ट आधी वाचा

साधारण 1470 च्या आसपासची गोष्ट. रशियातल्या त्वेर शहराचा एक व्यापारी चौल बंदरात उतरला, कोकणातून घाट चढला आणि जुन्नरला येऊन पोचला. नाव अफानासी निकितिन. सोबत एक घोडा होता, शंभर रूबल मोजून घेतलेला. घोडा भारतात विकायचा आणि पैसे कमवायचे, असा त्याचा हिशोब होता.

तेव्हा जुन्नरवर बहामनी सुलतानाची सत्ता होती आणि इथला कारभार असद खान बघायचा. जुन्नरमध्ये पाऊस सुरू झाला आणि निकितिन अडकला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्यानं आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय. जुन्नरकरांना यात नवीन काही वाटणार नाही. खरी अडचण पुढं आली. हा परदेशी माणूस मुसलमान नाही हे कळल्यावर खानानं घोडा ताब्यात घेतला. अट अशी, की धर्म बदल, घोडाही मिळेल आणि हजार सोन्याची नाणीही मिळतील. नाहीतर घोडा गेलाच, वर हजार नाण्यांचा दंड. मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानचा एक ओळखीचा माणूस मध्ये पडला, खानाकडं गेला आणि घोडा सोडवून आणला.

साडेपाचशे वर्षं होऊन गेली. घोड्याच्या जागी मोटारसायकल आली, पण लांबच्या प्रवासात माणूस सुटतो आणि गाडी अडकते हे काही बदललेलं नाही. जगभर बाईकवर फिरणाऱ्या जोडप्यांच्या रीलमध्ये बर्फाचे डोंगर दिसतात, वाळवंट दिसतं, तंबूसमोरचा चहा दिसतो. सीमेवरच्या कस्टमच्या खिडकीसमोरचे सहा तास दिसत नाहीत. हा लेख त्या सहा तासांबद्दल आहे.

खरंच कुणी इतकी वर्षं फिरतं का?

फिरतं. ऑस्ट्रेलियाचे पीटर आणि के फॉरवुड हे जोडपं 1996 मध्ये एका हार्ले डेव्हिडसन इलेक्ट्रा ग्लाइडवरून निघालं. ही गाडी हायवेसाठी बनवलेली, वजनाला भारी. कच्च्या रस्त्यावर ही गाडी घ्या असं कुणी जाणकार सांगणार नाही. पण दोघांनी टप्प्याटप्प्यानं, मध्येमध्ये घरी परतून, त्याच एका गाडीवर जगातले 193 देश पूर्ण केले. पाच लाखांहून जास्त किलोमीटर.

ब्रिटनचे सायमन आणि लिसा थॉमस 2003 मध्ये निघाले. बेत दीड वर्षाचा होता, पण त्यानंतर रस्ता हेच त्यांचं घर झालं. फरक इतकाच, की यांच्याकडं दोन गाड्या होत्या, दोन्ही बीएमडब्ल्यू जीएस. ॲमेझॉनच्या जंगलात सायमनच्या मानेचं हाड मोडलं. बरं झाल्यावर दोघं पुन्हा निघाले.

एका गाडीवर दोघं, हा प्रकार त्याहून जुना आहे. ऑस्ट्रियाचे माक्स राइश आणि हर्बर्ट टिखी 1933 मध्ये व्हिएन्नाहून फक्त 250 सीसीच्या पुख मोटारसायकलवर थेट मुंबईला आले. हे जोडपं नव्हतं, मित्र होते. पण आज ‘250 सीसीवर डबलसीट लडाखला जाता येईल का’ असं विचारणाऱ्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी. मागच्या सीटवर बसून आलेला टिखी पुढं 1954 मध्ये चो ओयू या आठ हजार मीटरहून उंच शिखरावर पोचलेल्या पहिल्या तिघांपैकी एक होता.

आपल्याकडं बघायचं तर पुण्यात राहिलेल्या, मूळच्या इराणच्या मराल याझारलू यांनी 2017-18 मध्ये सात खंडांत बाईक चालवली, त्यातले शेवटचे काही महिने गरोदरपणात. रमिला लटपटे 2023 च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून मुंबईहून जगप्रवासाला निघाल्या. आणि योगेश आलेकरी 2025 मध्ये मुंबईहून नेपाळ, चीन, मध्य आशिया, युरोप असं करत इंग्लंडला पोचले. त्यांचं पुढं काय झालं ते खाली येईलच.

आधी वजनाचा हिशोब

जोडप्यांचा पहिला वाद इथंच होतो. एक गाडी घ्यायची की दोन?

एक गाडी घेतली की पेट्रोल, टायर, कागद, जहाजाचं भाडं सगळं एकदाच. पण प्रत्येक गाडीला कंपनीनं कमाल वजनाची मर्यादा घालून दिलेली असते. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 चं उदाहरण घ्या. गाडीचं स्वतःचं वजन 196 किलो आणि माणसं, सामान धरून कमाल वजन 394 किलो. म्हणजे लादायला मिळतात 198 किलो.

आता तो 75 किलोचा, ती 60 किलोची. झाले 135. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून 18 किलो धरा. 153. दोन्ही बाजूच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांचे स्टँड रिकामेच वीसेक किलोचे. उरले 25 किलो. एवढ्यात तंबू, दोन स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, हत्यारं, ट्यूब, औषधं, कॅमेरा, थंडीचे कपडे आणि दोघांचे दोन-तीन वर्षांचे संसाराचे जिन्नस बसवायचे. विमानात एका माणसाला जेवढी बॅग मिळते, साधारण तेवढंच हे. आईनं दिलेली चटणीची बरणीसुद्धा यात मोजायची.

मर्यादा ओलांडली म्हणून गाडी लगेच मोडत नाही. म्हणून तर लोक फसतात. मागचं सस्पेन्शन दबतं, पुढचं चाक हलकं होतं, चढावर हँडल तरंगल्यासारखं वाटतं, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. मागची सबफ्रेम तडकते ती काही महिन्यांनी, आणि ती तडकते तेव्हा गाव जवळ नसतं.

दोन गाड्या घेतल्या की हा प्रश्न सुटतो. एक बंद पडली तर दुसरी मदत आणायला जाऊ शकते. शिवाय ‘मागं बसून माझी पाठ गेली’ हे भांडण होत नाही. पण खर्च जवळपास दुप्पट, आणि पुढं जो कागद येणार आहे तोही दोनदा काढावा लागतो.

कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट

माणूस दुसऱ्या देशात शिरतो तेव्हा त्या देशाला भीती असते की हा परत गेला नाही तर? म्हणून व्हिसा. गाडी शिरते तेव्हा वेगळी भीती असते. परदेशी गाडी इथंच विकून टाकली आणि आयात कर बुडवला तर? म्हणून कार्नेट. पूर्ण नाव कार्नेट द पासाज आँ दुआन. फ्रेंच आहे, सीमेवर सगळे नुसतं कार्नेट म्हणतात.

हे एक पुस्तक असतं. त्यात गाडीचा चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, किंमत लिहिलेली असते. एका देशासाठी एक पान आणि पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमवाला एक भाग शिक्का मारून फाडून घेतो. बाहेर पडताना दुसरा भाग फाडला जातो. तिसरा भाग दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याकडं राहतो. हा तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. गाडी आली तशी परत गेली, याचा पुरावा तोच.

आपल्याकडं हे पुस्तक ऑटोमोबाइल असोसिएशन देतात. महाराष्ट्रातल्या माणसासाठी जवळची म्हणजे मुंबईतली, 1919 मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. पुस्तकाची मुदत एक वर्ष. आणि ते फुकट मिळत नाही. गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश बघून अनामत रक्कम किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते. काही देशांसाठी ही रक्कम गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते. पुस्तक शिक्क्यांसह नीट परत केलं की पैसे मोकळे होतात. एखाद्या देशातून बाहेर पडताना घाईत शिक्का राहिला, तर तो देश असोसिएशनकडं कर मागू शकतो आणि असोसिएशन तुमच्या अनामतीतून तो वळता करू शकते. म्हणजे पहाटे चार वाजता, पावसात, झोपाळलेल्या कस्टमवाल्याला उठवून शिक्का मारून घ्यायचा तो लाखभर रुपयांसाठी असतो.

सगळीकडं कार्नेट लागतं असंही नाही. इराण, पाकिस्तान, इजिप्त, ऑस्ट्रेलिया इथं लागतं. परदेशी पाहुणा आपली गाडी घेऊन भारतात आला तर त्यालाही लागतं. युरोप, मध्य आशियातले बरेच देश आणि दक्षिण अमेरिकेत सीमेवरच तात्पुरता परवाना मिळतो. नेपाळमध्ये भारतीय गाडीला भन्सार नावाचा दिवसाच्या हिशोबानं कर भरून जाता येतं.

गंमत म्हणजे ही सगळी कल्पना जुन्नरला नवी नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून दाखवतात. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपारा या बंदरांकडून वर येणारा माल याच घाटानं जुन्नरला यायचा. माल घेऊन हद्द ओलांडली की कुणीतरी हिशोब मागणारच.

नाव कुणाचं?

जोडप्यांच्या बाबतीत खरी मेख इथं आहे आणि व्हिडिओंत याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. आरसीवर बहुतेक वेळा एकाचंच नाव असतं, आपल्याकडं सवयीनं नवऱ्याचं. कार्नेटही त्याच नावानं निघतं. आता तुर्कस्तानात असताना गावाकडून फोन आला की वडील गेले. नवऱ्याला विमानानं घरी यायचंय. गाडी त्याच्या नावावर त्या देशात शिरलेली आहे. बऱ्याच देशांत गाडीची नोंद चालकाच्या पासपोर्टशी जोडलेली असते, त्यामुळं गाडी सोडून बाहेर पडताना तो विमानतळावर अडवला जाऊ शकतो. उपाय असतो, गाडी कस्टमच्या गोदामात सील करून ठेवायची. पण तो उपाय सुट्टीच्या दिवशी, दु:खात, अनोळखी भाषेत करायचा असतो.

बायको गाडी पुढं नेऊ शकते का? तिच्याकडं मोटारसायकलचं लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना आणि मालकाचं नोटरी केलेलं अधिकारपत्र असेल तर अनेक ठिकाणी नेऊ शकते. म्हणून निघण्याआधीच हे पत्र इंग्रजीत करून ठेवतात. त्यात पुन्हा आपला खास प्रश्न. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, लायसन्सवर नुसतं नाव आणि आडनाव. गावात हे खपतं. कझाकस्तानच्या सीमेवर ही तीन वेगळी माणसं ठरतात. निघायच्या सहा महिने आधी सगळी कागदपत्रं एका नावावर आणणं, हे टायर बदलण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

आंतरराष्ट्रीय परवान्याचं काम त्या मानानं सोपं. तो आरटीओ देतं, जुन्नर आणि आंबेगावकरांसाठी एमएच 14 म्हणजे पिंपरी चिंचवडचं कार्यालय. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. मागं बसणाऱ्यानंही काढावा, ती पूर्ण प्रवासात एकदाही हँडल धरणार नसली तरी.

बाहेर पडायचं कुठून?

नकाशावर भारत ते लंडन रस्ता सरळ दिसतो. प्रत्यक्षात दारं बंद आहेत. एप्रिल 2025 मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर अटारीची सीमा बंद झाली. पूर्वेला म्यानमारमध्ये 2021 साली लष्करानं सत्ता घेतल्यापासून मणिपूरमधल्या मोरेहून थायलंडकडं जाणारा प्रवाशांचा नेहमीचा मार्ग तुटला. उरतो नेपाळमार्गे तिबेट आणि चीन. तिथं परदेशी गाडी मोकळी फिरू देत नाहीत. चिनी एजन्सी, सोबत गाइड, तात्पुरती नंबर प्लेट आणि तात्पुरतं चिनी लायसन्स, हे सगळं आधी ठरवावं लागतं. म्हणून लोक चार-पाच गाड्यांचा गट करून गाइडचा खर्च वाटून घेतात.

दुसरा मार्ग गाडी लाकडी खोक्यात बंद करून जहाजानं किंवा विमानानं पाठवायचा. विमानाला टाकी जवळपास रिकामी करावी लागते, बॅटरीची तार काढावी लागते आणि भाडं नुसत्या वजनावर नाही, खोक्याच्या आकारावरही लागतं. आरसे, पुढची काच, कधी पुढचं चाकसुद्धा काढून खोकं लहान करतात. मध्य अमेरिकेतून दक्षिण अमेरिकेत जातानाही हेच करावं लागतं, कारण पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये दारिएनच्या जंगलात शंभरेक किलोमीटर रस्ताच नाही.

आणि मग व्हिसा. युरोपातल्या 29 शेंगेन देशांत मिळून 180 दिवसांत फक्त 90 दिवस राहता येतं. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. ऑस्ट्रेलियन जोडप्याला अनेक देशांत सीमेवर शिक्का मिळतो. भारतीय जोडप्याला बऱ्याच व्हिशांसाठी आपल्या देशातूनच अर्ज करा असं सांगितलं जातं. म्हणून आपल्याकडचे लोक सलग पाच वर्षं फिरण्यापेक्षा टप्पे पाडतात. फॉरवुड दांपत्यानंही टप्पेच पाडले होते, त्यामुळं यात कमीपणा काही नाही.

गाडीच गेली तर?

योगेश आलेकरी 17 देश आणि सुमारे 24 हजार किलोमीटर पार करून इंग्लंडमध्ये होते. ऑगस्ट 2025 च्या शेवटी नॉटिंगहॅममधल्या एका पार्कजवळ, भर दिवसा, ते मित्रांसोबत नाश्त्याला गेले असताना त्यांची केटीएम 390 ॲडव्हेंचर चोरीला गेली. सोबत पासपोर्ट आणि सामान. चोरीचा व्हिडिओ जगभर फिरला. नंतर तिथल्याच एका दुकानानं त्यांना तशीच गाडी दिली. निकितिनला खुरासानचा माणूस भेटला तसं हे.

पण असा माणूस प्रत्येक वेळी भेटत नाही. आपला भारतातला गाडीचा विमा बाहेर बहुतेक ठिकाणी चालत नाही. युरोपात ग्रीन कार्ड, इतरत्र सीमेवरचा विमा घ्यावा लागतो. तो सहसा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, तुमच्या चोरीसाठी नाही. गाडी कार्नेटवर आत आणली असेल तर चोरीनंतरही तो देश आयात कर मागू शकतो, म्हणून पोलिस तक्रारीची प्रत सोन्यासारखी जपावी लागते. आजारपणाच्या प्रवासी विम्यातही बारीक अक्षरांत मोटारसायकल वगळलेली असू शकते, विशेषतः मोठ्या सीसीची.

जोडप्याला यात एक फायदा आहे. पासपोर्टचं मूळ पुस्तक, पैसे आणि कागद दोघांत वाटून, अंगावर ठेवता येतात. एक जण खिडकीवर, एक जण गाडीपाशी.

चाचणी घरच्याच रस्त्यावर

निघण्याआधी पूर्ण सामान लादून तीन-चार दिवस फिरून बघतात. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव यांच्यासारखे तालुके कमी आहेत, कारण इथं सगळ्या जातीचे रस्ते जवळजवळ मिळतात. मंचरहून घोडेगाव, डिंभे धरणावरून भीमाशंकर, साठ-पासष्ट किलोमीटर. चढ, वळणं, अभयारण्यातलं धुकं. डिंभ्याच्या पाणलोटाकडेनं आहुपेकडं वळलं की अरुंद रस्ता आणि मोबाइलची रेंज गायब. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाट, तिथं पठारावरचा वारा भरल्या पेट्यांना कसा ढकलतो ते कळतं. आळेफाट्यावरून कल्याणच्या बाजूला माळशेज, नगरच्या बाजूला आणे घाट. माळशेजला पावसाळ्यात दरडी येतात, धबधब्याखाली गाड्या आडव्या उभ्या असतात, तेव्हा चाचणी नको.

रात्रीही नको. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचा हंगाम असला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याचदा मागं दिव्याशिवाय. आणि या पट्ट्यात बिबट्या ही बातमी नाही, रोजचं जगणं आहे. जुन्नरच्या माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे आणि उसाच्या शेतात राहणाऱ्या माणसांना त्याची किती किंमत मोजावी लागते हे इथल्या घरांना विचारावं. तंबू टाकायची हौस असेल तर गावात, कुणाच्या तरी अंगणात, विचारून टाकायचा. पुढं जगात कुठंही हेच करायचं आहे, त्यामुळं याचीही सवय होते.

या चाचणीत गाडी चालवण्यापेक्षा बाकीच्या गोष्टी बघायच्या. पाऊस आल्यावर रेनकोट किती वेळात बाहेर निघतो? पंक्चर दोघांना काढता येतं की एकालाच? गाडी आडवी झाली तर पेट्या न काढता दोघं मिळून उचलू शकतात का? मागं बसणाऱ्याला किती किलोमीटरनंतर थांबावंसं वाटतं, आणि पुढचा थांबतो का? एका दिवसासाठी जागाही बदलून बघावी.

परत येताना नारायणगावात थांबून गाडीचं वजन करून घ्यायचं. ट्रकच्या मोठ्या काट्यावर दहा-वीस किलो इकडं तिकडं होतात, त्यामुळं एखाद्या वखारीतला लहान काटा शोधावा. आधी गाडी सामानासकट, मग दोघं वेगळी, हेल्मेट आणि बुटांसकट. बेरीज 394 च्या वर गेली तर तिथंच पेटी उघडायची आणि काय घरी ठेवायचं ते ठरवायचं. बहुतेक वेळा पहिल्यांदा बाहेर निघतो तो दुसरा कॅमेरा.